गायक-वादकांचे फोटो आणि सोलापुरातला उजेड : सेटिंग, अडचणी, उपाय

पार्कचौक

गायक-वादकांचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींना कॅमेऱ्याची माहिती हवी तेवढी मिळते, आपल्याकडच्या उजेडाची मात्र कुठे मिळत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरातली संध्याकाळची मैफल, गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी कसब्यातल्या बोळातून निघालेली हलगी, मांडवात भर दुपारी चाललेलं भजन, विसर्जनाच्या रात्री हॅलोजनखाली रंगलेलं लेझीम. या चार ठिकाणी एकच सेटिंग चालवायला गेलं की चारही ठिकाणी फसतं. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात मी करतो. माझं ठाम मत असं आहे की शटर स्पीड वाद्य बघून ठरवायचा, उजेड बघून ठरवायचा नाही. उजेड कमी म्हणून शटर १/४० वर आणला तर गवयाचा चेहरा एखाद वेळी मिळेल, पण तबलजीचे हात धुरासारखे पुसट येतील. आधी शटर पक्का करा, मग अ‍ॅपर्चर, आणि उरलेला सगळा भार आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेवर) टाका. आयएसओचे दाणे नंतर कमी करता येतात. हललेला हात कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये स्थिर होत नाही.

अंदाजासाठी आकडे देतो. आलापात डोळे मिटून बसलेला गायक १/१०० ला निभावतो. तान घेताना त्याचाच हात फिरायला लागला की १/२०० लागतो. हार्मोनियमवरची बोटं १/१६० ला येतात, भाता थोडा हलला तर बिघडत नाही. सतार-सरोदचा उजवा हात १/२५०. तबला विलंबितात १/२००, द्रुत किंवा रेला सुरू झाला की १/५००. ढोलाचं टिपरू १/५००, ताशाच्या काड्या १/१०००. हलगीत दोन हात दोन वेगांनी चालतात. उजव्या हातातली जाड काठी १/५०० ला थांबते, डाव्या हातातली बारीक लांब काडी कातड्यावर थरथरत असते, ती १/१००० लाही पूर्ण थांबत नाही. तिला हलू द्यावं, फोटोत तोच जीव असतो.

सभागृहात मुख्य दिवे समोरून असतील तर १/१६०, एफ २.८ (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ ३२०० इथून सुरुवात करा आणि पहिल्या दोन फ्रेम बघून वरखाली करा. मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) स्पॉटवर, म्हणजे एका ठिपक्यापुरतं, ठेवून चेहऱ्यावर घ्या. मागे काळा पडदा असताना पूर्ण फ्रेमचं मीटरिंग ठेवलं तर कॅमेरा काळ्याला राखाडी करायला बघतो आणि कपाळ पांढरंफटक होतं. स्पॉट नको असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ ते उणे १.७ पर्यंत न्या.

---

सातरस्ता

उपयोगी धागा. एक विचारतो. बहुतेकांकडे १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी) असते, ती ५५ ला एफ ५.६ वर जाते. तुमच्या हिशेबानं एफ २.८ ला आयएसओ ३२०० म्हणजे एफ ५.६ ला १२८००. साध्या कॅमेऱ्याला हे झेपत नाही. मग लेन्स कोणती घ्यावी? आणि एफ १.८ वर फोटो काढला की गायक फोकसमध्ये आणि तबलजी पुसट, असं का होतं?

---

होटगीरोड

सातरस्ता, पहिली लेन्स ५० एमएम एफ १.८ घ्या. किटच्या एफ ५.६ पेक्षा ती तीन स्टॉपांहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) थोडा जास्त उजेड घेते, म्हणजे आयएसओ १२८०० च्या जागी १६०० च्याही खाली काम होतं. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० एमएमसारखी दिसते, तिसऱ्या-चौथ्या रांगेतून बसलेला कलाकार कमरेपासून वर नीट मावतो.

तबलजी पुसट येण्याचं कारण फोकसच्या खोलीत आहे. छोट्या सेन्सरवर ५० एमएम, एफ १.८, अंतर अडीच मीटर, इतक्यावर साधारण १८ सेंटीमीटर एवढीच पट्टी स्पष्ट असते. गायकाचं नाक आणि कान त्यात येतात, मांडीवरचा तानपुरासुद्धा अर्धा बाहेर जातो. तेच चार मीटर अंतरापर्यंत मागे सरकून एफ ४ केलंत की पट्टी एक मीटरच्या आसपास होते. गायक आणि शेजारी बसलेला तबलजी दोघंही तीत बसतात. एकट्याचा फोटो एफ १.८ ते २.२, जोडीचा एफ ४ आणि थोडं मागून, एवढं लक्षात ठेवा.

तबलजी गायकाच्या किती मागे बसलाय हे आधी बघून घ्या. दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील अशी खुर्ची निवडली तर एफ २.८ लाही काम होतं. जागा निवडणं फुकट आहे, आणि त्यानं बहुतेक वेळा लेन्सपेक्षा जास्त फरक पडतो.

---

विजापूरवेस

काळे आडवे पट्टे येतात त्याचं काय? डोळ्यांना उजेड एकसारखा दिसतो, फोटोत मात्र एकाआड एक गडद-फिकट पट्टे. सायलेंट शटरवर जास्त येतात असं सगळेच सांगतात.

---

डिमरबोर्ड

हा माझा विषय, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकवरची ट्यूबलाईट आणि स्वस्त एलईडी बल्ब यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. १/१०० शटर ठेवला तर प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण चढउतार मिळतो, १/५० ला दोन मिळतात. दोन्हीकडे उजेड सारखा येतो. १/२५० ठेवलात की एखादी फ्रेम चढावर सापडते, दुसरी उतारावर. सलग दहा फ्रेम काढल्या तर चार उजळ, तीन मध्यम, तीन पिवळट काळ्या. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळायची सोय) असेल तर तो याच १०० च्या लयीवर शटर सोडतो, म्हणून त्याचा फायदा होतो.

स्टेजवरच्या एलईडी पारचं (रंगीत एलईडीच्या गोल दिव्यांचं) गणित वेगळं. त्यांचा डिमर दिवा मंद करत नाही. दिवा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करून तो मंद दिसेल असं करतो. त्याला १/१०० चा नियम लागू होईलच असं नाही, आणि कॅमेऱ्यातला साधा अँटी-फ्लिकरही तो ओळखत नाही. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतो. वाचता वाचता दिवा किती वेळा बंद झाला तितके पट्टे फोटोत उमटतात. मेकॅनिकल शटर सेन्सरवरून भराभर सरकतो, म्हणून तिथे पट्टे कमी आणि रुंद दिसतात.

उपाय याच क्रमानं करा. पहिला, मेकॅनिकल शटर. दुसरा, शटर १/१०० किंवा १/१२५ पर्यंत खाली. तिसरा, कॅमेऱ्यात शटर अगदी बारीक पायरीनं बदलायची सोय असेल तर स्क्रीनवर पट्टे बघत १/१०० च्या आगेमागे सरकवत जा, एका ठिकाणी ते विरतात. चौथा उपाय सगळ्यात चांगला, पण तो कार्यक्रमाआधीच करावा लागतो. लाईटवाल्याला जाऊन सांगा, "भाऊ, आठ पार निम्म्यावर ठेवण्यापेक्षा चार पार फुल ठेवा, चार बंद करा." फुलवर दिवा बंद राहण्याचा वेळ जवळजवळ संपतो, पट्टेही जातात. स्टेजवर उजेड तेवढाच पडतो, त्याचंही काही बिघडत नाही.

आणि त्याला हेही सांगा की पांढरा हवा असेल तर लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा नको. पारमध्ये वॉर्म व्हाईट किंवा अंबरची वेगळी पट्टी असेल तर समोरचे दोन दिवे त्यावर ठेवावेत. तीन रंग मिसळून केलेल्या पांढऱ्यात कातडीचा रंग आजारी दिसतो आणि तो नंतर सुधारत नाही.

मागे एलईडी स्क्रीन असेल तर तिच्यावर स्वतःच्या वेगळ्या रेषा येतात. १/५० वर बहुतेक वेळा निभावतं. नाहीतर कोन बदलून स्क्रीन फ्रेमबाहेर काढा.

---

विजापूरवेस

डिमरबोर्ड, फार नेमकं सांगितलंत. पण इथे पेच पडतो की. तबल्याला १/५०० हवा आणि पट्ट्यांना १/१००. दोन्ही कसं साधायचं?

---

पार्कचौक

हाताची गती सगळीकडे सारखी नसते, त्याचा फायदा घ्यायचा. थाप मारायला हात वर जातो, वर टोकाला पोचला की क्षणभर थांबतो आणि मग खाली येतो. त्या टोकाला १/१०० लाही बोटं स्पष्ट येतात. थाप पडून तळवा डग्ग्यावर दाबलेला असतो तेव्हाही हात स्थिर असतो. कॅमेरा सलग फ्रेमवर टाका आणि तीन-चार फ्रेमच्या छोट्या झडपा घ्या. लांबच लांब धडाका लावला की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि नेमका समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) वेळी कॅमेरा अडतो.

समेचा अंदाज असणाऱ्याला हे फार सोपं जातं. तीनतालाच्या सोळा मात्रा, एकतालाच्या बारा, झपतालाच्या दहा. मोजता येत नसेल तर तिहाई ऐका. तोच तुकडा तिसऱ्यांदा सुरू झाला की बटण अर्धं दाबून तयार राहा. समेवर गायक मान वळवून तबलजीकडे बघतो, तबलजी हात उचलतो, दोघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी हसू येतं. अख्ख्या मैफलीत दोघं एकमेकांकडे बघताहेत असे क्षण मोजके, आणि बहुतेक समेवरच मिळतात.

---

तुळजापूरनाका

लाल दिव्याबद्दल कोणी लिहिलं नाही. ऑर्केस्ट्रा आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत सगळा चेहरा लाल, किंवा निळा. फोटोत नाक-डोळे दिसतच नाहीत, नुसता लाल ठिपका.

---

होटगीरोड

सेन्सरवरच्या दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्याला, एक लालला, एक निळ्याला संवेदनशील असतो. दिवा नुसता लाल असेल तर चारातला एकच ठिपका काम करतो, बाकी तिघांकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. त्यामुळे बारकावे आधीच कमी असतात. त्यात कॅमेऱ्याचं मीटर सरासरी काढून "उजेड कमी आहे" म्हणतं, एक्स्पोजर वाढवतं आणि लाल रंग फुटतो. पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून हे कळत नाही. तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय चालू करा आणि लालची रेघ उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. साधारण एक स्टॉप कमी घेतलं की वाचतं. निळ्यालाही हेच लागू.

फाईल रॉमध्येच (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली) हवी. लाईटरूम किंवा डार्कटेबलमध्ये कॅमेऱ्याचा भडक प्रोफाईल काढून न्यूट्रल लावा, मग लाल रंगाचं सॅच्युरेशन उणे ३० ते ४० करा. तरीही कपाळावर सपाट डाग राहिला तर फोटो कृष्णधवल करा. तेव्हा लाल दिव्यातल्या फोटोला लाल चॅनल वर आणि निळा खाली ठेवा, कारण चेहऱ्याचे बारकावे लालमध्येच आहेत, निळ्यात फक्त दाणे आहेत.

खरा उपाय वाट बघण्याचा आहे. लाईटवाला कडव्याला रंग बदलतो, धृपदाला बहुतेक वेळा समोरचा पांढरा टाकतो. दोन कडवी नुसतं बघा, त्याची सवय कळते. पुढच्या धृपदाला कॅमेरा उचला.

---

कसबापेठ

सभागृहाचं झालं, आता रस्त्यावरचं.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) उत्तर कसब्यातून निघतात आणि सम्मती कट्ट्याकडे येतात. या मिरवणुकीचा सगळ्यात मोठा प्रश्न पांढरी बाराबंदी (बंदांचा पारंपरिक अंगरखा). हलगीवाल्यांच्या मागेपुढे शेकडो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. पूर्ण फ्रेमचं मीटरिंग असेल तर कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करतो आणि वाजवणाऱ्यांचे चेहरे काळे पडतात. म्हणून अधिक १ करा, असं पुस्तकात असतं. ते सावलीत बरोबर आहे. उन्हात अधिक १ केलं की बाराबंदीच्या चुण्या आणि शिवण सगळं पांढऱ्यात विरून जातं.

उन्हात मॅन्युअलवर या. कडक उन्हाचं एक्स्पोजर ठरलेलं असतं. आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१००. त्याच हिशेबानं एफ ५.६ ला १/८००. पांढरं जपायचं म्हणून १/१००० करा. ऊन आहे तोवर हे बदलायचं कारण नाही, समोर काळा शर्ट येवो की पांढरी बाराबंदी.

बोळात शिरल्यावर खरी गंमत. अर्ध्या रस्त्यावर ऊन, अर्ध्यावर घरांची सावली, आणि दोन्हींत तीन स्टॉपांचा फरक. वाजवणारे दोन पावलं सरकले की एक्स्पोजर पार बदलतं. इथे दोन सेटिंग तयार ठेवायची. उन्हासाठी वरचं, सावलीसाठी तेच फक्त आयएसओ ८००. कॅमेऱ्यात कस्टम मोडच्या सी१, सी२ जागा असतील तर दोन्ही त्यात भरून ठेवा, डायल फिरवली की झालं. आणि फोटो सावलीतल्याचाच काढा. मागे उन्हात उजळलेली भिंत असेल तर तीही टाळा, मागची सावली निवडा.

जानेवारीत आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून साडेबारालाही चेहऱ्यावर थोडा तिरपा उजेड मिळतो. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो थेट डोक्यावर येतो. तेव्हा फेटा-टोपीवाल्याचे डोळे काळ्या खळग्यात जातात. मे महिन्यातल्या वरातीचे फोटो साडेचारनंतरच काढावेत.

---

माळशिरसकडचा

कसबापेठ यांनी बाराबंदीचं सांगितलं तेच आमच्याकडे दिंडीला. पांढरी टोपी, पांढरं धोतर, सावळा चेहरा, कपाळाला बुक्का. फरक एवढाच की आषाढात बहुतेक वेळा ढगाळ असतं आणि ढगाळ उजेड या कामाला फार चांगला. टोपी फुटत नाही, टोपीखाली काळं पडत नाही. एफ ४, १/१०००, आयएसओ ४०० हे ढगाळ दुपारचं सुरुवातीचं सेटिंग. आभाळ दाटून आलं की आयएसओ ८०० ते १६००.

फ्रेममध्ये आभाळ घेऊ नका. दिंडीच्या वरचं पांढरं आभाळ मीटरला फसवतं आणि फोटोही मरतो. एखाद्या दगडावर, बांधावर चढा आणि वरून खाली घ्या. मागे माणसं आणि रस्ता येतो, सगळे टाळ एका लयीत वर गेलेले दिसतात. टाळ आदळतो तो क्षण घेण्यापेक्षा टाळ उघडून दोन हात रुंद झालेले असतात तो घ्यावा.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते. बसल्या जागी वादक ती बोटांनी चोळतो, पाण्याचा हात लावतो, थाप मारून ऐकतो, पुन्हा चिमूटभर काढतो. हा फोटो वाजवतानाच्या फोटोपेक्षा दुर्मीळ. मुक्कामी किंवा दिंडी निघायच्या आधी मिळतो. कणीक ओली आणि चकचकीत असते, म्हणून उजेड बाजूनं यायला हवा. समोरून आला तर नुसता पांढरा गोळा दिसतो.

वाखरीला रिंगणाच्या वेळी पाऊस आला तर कॅमेऱ्याला दुधाच्या जाड पिशवीसारखी प्लास्टिक पिशवी, लेन्सच्या तोंडाशी भोक पाडून रबर. हूड लावलेलाच ठेवा, थेंब काचेवर पडत नाहीत. पिशवीच्या आत वाफ धरते, म्हणून दर थोड्या वेळानं काढून वारा लागू द्या.

---

सातरस्ता

मांडवाचं सांगा की कोणीतरी. दिवसा भजन-कीर्तन असतं, वर लाल-पिवळं कापड. सगळ्यांचे चेहरे केशरी येतात.

---

पार्कचौक

पांढरं कापड असेल तर नशीब. ऊन त्यातून गाळून मऊ होतं, दीड-दोन स्टॉप कमी मिळतं पण चेहरा सुंदर येतो. रंगीत कापडात मात्र ऊन त्या रंगाचंच होऊन खाली पडतं. ऑटो व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगदुरुस्ती) ते अर्धवट सुधारतो आणि फ्रेमगणिक वेगळं सुधारतो, म्हणून दोन फोटो शेजारी ठेवले की रंग जुळत नाहीत.

कलाकार बसतो त्याच जागी, त्याच कापडाखाली एक राखाडी कार्ड धरून फोटो घ्या आणि त्यावरून कस्टम व्हाईट बॅलन्स बसवा. कार्ड नसेल तर साधा पांढरा कागद चालेल, पण निळसर चमक मारणारा झेरॉक्सचा नको. कार्यक्रम लांबला आणि कापडाच्या दुसऱ्या रंगाच्या पट्टीतून ऊन यायला लागलं की कार्ड पुन्हा धरा.

मांडवाच्या कडेनं बाहेरचं ऊन आत येत असेल तर एका गालावर केशरी आणि दुसऱ्यावर पांढरा उजेड पडतो. हे कुठल्याही कार्डानं सुटत नाही. बाजू बदला, किंवा त्या कडेची कनात थोडी ओढून घ्यायला मांडववाल्याला सांगा.

---

जुनीमिल

रात्रीच्या मिरवणुकीबद्दल लिहितो. गणपती विसर्जन, लेझीम, ढोल. उजेड म्हणजे ट्रॅक्टरवरचे हॅलोजन, दुकानांच्या पाट्या आणि रस्त्यावरचे दिवे.

इथे फ्लॅश लावायला हरकत नाही, बैठकीत मात्र कधीच लावू नये. फ्लॅश टीटीएलवर (ताकद कॅमेराच ठरवतो त्या मोडवर) ठेवलात तर लेझीमच्या चकत्या चमकतात, कॅमेरा फसतो आणि फोटो काळे येतात. मॅन्युअलवर ठेवा. गाईड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला मीटरमधल्या अंतरानं भागलं की एफ मिळतो) ३६ चा फ्लॅश १/१६ ताकदीवर नेला की ९ उरतो. आयएसओ ८०० ला तो साधारण २५ होतो. वाजवणारा तीन मीटरवर असेल तर २५ भागिले ३, म्हणजे एफ ८. दीड मीटरवर आला तर एफ १६, किंवा ताकद १/६४. एकदा हा हिशेब बसला की पावलांचं अंतर बघून हात आपोआप चालतो.

शटर १/१५ ते १/३० ठेवा आणि फ्लॅश रिअर कर्टनवर, म्हणजे शटर मिटायच्या आधी पडेल असा. आधी लेझीमची आणि दिव्यांची रेघ उमटते, शेवटी फ्लॅश पडून माणूस स्पष्ट होतो, म्हणून रेघ त्याच्या मागे राहते. फ्रंट कर्टनवर ती पुढे जाते आणि माणूस उलटा चालल्यासारखा वाटतो. फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावा आणि व्हाईट बॅलन्स ३२०० केल्व्हिन करा. जिलेटिन न लावता हॅलोजनखाली काढलं तर माणूस निळा आणि मागचं सगळं पिवळं.

गुलाल हा कॅमेऱ्याचा शत्रू. झूम पुढेमागे करताना लेन्स हवा ओढते आणि हवेबरोबर गुलाल आत जातो. मिरवणुकीत शक्यतो फिक्स लेन्स, समोर साधा यूव्ही फिल्टर, आणि लेन्स बदलायचीच नाही. घरी आल्यावर आधी कोरड्या ब्रशनं झटका, मग रबरी फुग्यानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका आणि ओलं कापड तर अजिबात नको, गुलाल ओला झाला की रंग सोडतो आणि रिंगच्या खाचेत बसतो.

---

विजापूरवेस

जुनीमिल, फ्लॅशला माझा विरोध आहे. चार फुटांवरून फ्लॅश डोळ्यात गेला की ताशावाल्याचा ठेका चुकतो. आताचे कॅमेरे आयएसओ ६४०० सहज घेतात. हॅलोजनच्या ट्रॅक्टरपुढे उभं राहून एफ १.८, १/२५०, आयएसओ ६४०० ला फ्लॅशशिवाय होतं.

---

जुनीमिल

ट्रॅक्टरपुढे होतं, मान्य. ट्रॅक्टर पुढे गेला आणि पथक दोन दिव्यांच्या मधल्या अंधारात आलं की होत नाही. डोळ्यांचं म्हणणं मात्र योग्य आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून डाव्या हातात, डोक्याच्या वर आणि बाजूला धरावा. डोळ्यात जात नाही आणि चेहऱ्याला आकारही येतो.

---

रूपाभवानी

सुंदरीवादनाचे (शहनाईसारख्या छोट्या फुंकवाद्याचे) फोटो कसे घ्यावेत हे कोणी सांगेल का? सोलापूरचं आपलं वाद्य, पण चांगले फोटो फार कमी दिसतात. आणि माझ्यासारख्यांकडे फक्त मोबाईल असतो, त्याचंही सांगा.

---

पार्कचौक

रूपाभवानी ताई, सुंदरी शहनाईपेक्षा लहान, त्यामुळे दोन्ही हात चेहऱ्याच्या अगदी जवळ येतात. समोरून काढलं तर हात आणि माईक मिळून तोंड झाकतात. साधारण ६० अंश बाजूला बसा, माईकच्या स्टँडच्या उलट बाजूला. चेहरा, वाद्य आणि बोटं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतात. मोठ्या सेन्सरवर ८५ एमएम, तीन मीटर, एफ २.८ ला साधारण २१ सेंटीमीटरची पट्टी मिळते, तेवढी पुरते.

कॅमेऱ्याचा डोळे ओळखणारा फोकस माईकपाशी अडखळतो. एकच फोकस बिंदू घेऊन तो भुवईवर किंवा चष्म्याच्या काडीवर ठेवा. फुंकवाद्यात गाल फुगलेले असतात, श्वास घेताना ते किंचित सैलावतात आणि डोळे उघडतात. दोन्ही घ्या, निवड नंतर करा. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा नारिंगी दिवा आधी बंद करा, तो थेट वादकाच्या डोळ्यात जातो.

---

डिमरबोर्ड

मोबाईलचं मी सांगतो. नाईट मोड बंद करा. तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो, त्यात तबलजीला चार हात येतात. प्रो मोड असेल तर शटर १/१००, आयएसओ ८०० पासून वर. नसेल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद होतो, मग सूर्याची खूण खाली ओढून कपाळाचा पांढरेपणा जाईपर्यंत उजेड कमी करा. बोटांनी झूम करू नका, पुढे जाऊन बसा. स्क्रीनचा प्रकाश अगदी कमी ठेवा, मागे बसलेल्यांना त्रास होतो.

---

तुळजापूरनाका

शेवटचं एक. काढलेले फोटो कलाकारांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर चिखल होतो. कसे पाठवावेत?

---

होटगीरोड

पाठवायची प्रत लांब बाजू २०४८ पिक्सेल, एसआरजीबी (मोबाईल-संगणकाचा नेहमीचा रंगसंच), जेपीईजी ८५ टक्के अशी वेगळी काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपला फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाईल दाबली जात नाही. एसआरजीबी विसरलात तर मोबाईलवर चेहरे फिके दिसतात. छपाईला हवा असेल तर पूर्ण आकाराची फाईल ड्राईव्हवर टाकून दुवा द्या. बारा इंच रुंद छापायचं तर ३०० डीपीआयनं ३६०० पिक्सेल रुंदी लागते, म्हणून कापताना त्याखाली जाऊ नका. आणि गाताना तोंड वेडंवाकडं झालेला फोटो कितीही स्पष्ट असला तरी पाठवू नका, कुठे टाकूही नका. एका कार्यक्रमाचे आठ-दहा फोटो पुरतात, त्यात साथीदारांचे स्वतंत्र दोन हवेतच. तबलजी आणि पेटीवाल्यांना स्वतःचे चांगले फोटो फार क्वचित मिळतात.